इंजिन ऑइल खातंय, पण ते झिजलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तेरा वर्षांची पेट्रोल गाडी, चाललेली १ लाख ६० हजार किलोमीटर. गेल्या वर्षभरात ऑइल कमी व्हायला लागलं आणि आता साधारण १,२०० किलोमीटरला एक लिटर वरून टाकावं लागतं. गाडीखाली थेंब दिसत नाही. सकाळी सुरू करताना कधीकधी निळसर धूर येतो. पिकअप पूर्वीसारखाच वाटतो. मेकॅनिकने डिपस्टिक पाहिली, रेस देऊन सायलेन्सरचा धूर पाहिला आणि पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिनचं काम काढावं लागेल, असं सांगितलं. हे खरं आहे का, आणि इंजिन न उघडता ते कसं कळेल, असं तुम्ही विचारताय.

बरंचसं कळतं. पण आधी एक गुंता सोडवायला हवा, कारण तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ऑइल जातंय कुठे, हा एक. इंजिन किती झिजलंय, हा दुसरा. ही दोन्ही एकाच आजाराची नावं आहेत असं धरून चाललं की खर्चाचे सगळे निर्णय चुकत जातात. मी अशी इंजिनं उघडली आहेत ज्यांच्या बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या भिंतीवर, कारखान्यात घासून काढलेली होनिंगची तिरपी जाळी अजून स्वच्छ दिसत होती, आणि तरीही ती हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल संपवत होती. उलट बाजूने, ज्यांचं बेअरिंग वाजायला आलं होतं अशी इंजिनं डिपस्टिकवर महिनोन्महिने तसूभर खाली आली नव्हती. तुमचा मेकॅनिक चूक आहे असं मी म्हणत नाही. त्याने अजून काही मोजलेलं नाही, एवढंच म्हणतो.

मोजायला सुरुवात डिपस्टिकपासूनच करा. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि मग दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. दर वेळी हीच पद्धत. एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा पेट्रोल पंपावर थांबल्याबरोबर पाहिलं, तर तीनशे-चारशे मिलिलिटरचा फरक नुसता वाचण्यातूनच पडू शकतो. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, हजार किलोमीटर चालवा, मग परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापाने टाकून पाहा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं, पण अंतरावर अंदाज बांधण्यापेक्षा टाकलेलं ऑइल मोजणं खात्रीचं. आणि वरच्या खुणेच्या वर कधीच भरू नका. जादा ऑइल क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) फटक्याने फेसाळतं आणि ब्रीदर या वायू सोडणाऱ्या पाइपावाटे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढलं जातं. म्हणजे ऑइल खातं म्हणून जास्त भरलं, आणि जास्त भरलं म्हणून अजून खाल्लं, असं चक्र सुरू होतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल जळत असतं, पण पेट्रोल त्याची जागा भरत असतं, म्हणून पातळी स्थिर दिसते. मग एक लांबचा प्रवास होतो, ऑइल तापतं, मिसळलेलं पेट्रोल उडून जातं आणि एकाच दिवसात डिपस्टिक कोरडी. मालक घाबरून येतो की प्रवासात इंजिन बिघडलं. इंजिन आधीपासूनच ऑइल खात होतं, प्रवासाने ते उघड केलं. म्हणून तुमचे हजार किलोमीटर नेहमीच्या मिश्र वापराचे असू द्या.

दुसरी पायरी, ऑइल खरंच जळतंय की बाहेर जातंय. गाडीखाली थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं होत नाही. काही सील फक्त चालू इंजिनात, दाब असतानाच सुटतात. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं ऑइल एक्झॉस्टच्या गरम पाइपवर पडून तिथेच करपतं आणि खाली थेंब पोचतच नाही. त्याचा वास मात्र सिग्नलला उभं राहिल्यावर येतो. इंजिन खालून-वरून स्वच्छ धुवून घ्या, दोनशे किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. क्रँकच्या मागच्या सीलजवळ, ऑइल फिल्टरच्या बैठकीजवळ आणि प्लगच्या विहिरींत विशेष लक्ष द्या. कुलंटची टाकीही उघडून पाहा. काही इंजिनांत ऑइल कूलर आतून फुटतो आणि ऑइल कुलंटमध्ये जातं, बाहेर कुठेच खूण नसते.

गळती सापडली नाही तर पुढे जाऊ. आता एक हिशेब सांगतो, त्यावरून या आजाराचं स्वरूप कळेल. १,२०० किलोमीटर सरासरी ४० च्या वेगाने म्हणजे ३० तास. सरासरी २,००० आरपीएम धरले तर क्रँक ३६ लाख वेळा फिरतो. चार सिलिंडरांत मिळून ७२ लाख पॉवर स्ट्रोक, म्हणजे इंधन जळण्याचे ठोके. लिटरभर ऑइल त्यांत वाटलं तर एका स्ट्रोकला मिलिलिटरचा सात हजारावा भाग येतो. एवढंसं ऑइल जळलं तर धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि उरलेला एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) पचवतो. म्हणून धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हा निष्कर्ष चालत नाही. आणि एवढा बारीक हिशेब बिघडायला मोठी झीज लागत नाही, हेही त्यातून दिसतं.

म्हणून मी सगळ्यात आधी पीसीव्ही बघतो. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीत, जमणारा वायू इनटेककडे परत नेणारा हा छोटा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप. तो उघडा अडकला तर इनटेकची ओढ थेट क्रँककेसला लागते आणि ऑइलची वाफ, कधी सरळ ऑइलच, वर खेचलं जातं. बंद अडकला तर आत दाब साठतो, सील गळायला लागतात आणि रिंगांना ऑइल खाली उतरवणं जड जातं. तपासायला काही लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण हलकंसं ओढलं जावं, आयडल किंचित बदलावा. झाकण घट्ट चिकटून बसत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. उलट झाकण उडत असेल आणि धुराचे झोत बाहेर येत असतील, तर एकतर पीसीव्ही तुंबलाय किंवा बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतोय. मग थ्रॉटलच्या आधीचा इनटेकचा पाइप काढून आत बोट फिरवा. थोडा ओलसरपणा चालतो. ऑइलचं थारोळं असेल तर वाट सापडली.

एकदा एक गृहस्थ गाडी घेऊन आले होते. दुसरीकडे पिस्टन-रिंगा बदलून, हेडचं काम करून झालं होतं, तरी ऑइल जायचं थांबेना. ब्रीदरचा पाइप आतून फुगून बंद झाला होता. जुना पाइप तसाच परत बसवलेला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एवढं मोठं काम कदाचित गरजेचंच नव्हतं, हे सांगताना माझीच जीभ जड झाली होती. तेव्हापासून या एका पाइपाशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.

आता धूर. तो किती येतो त्यापेक्षा कधी येतो हे बघा. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारल्यावर निळा झोत आणि अर्ध्या मिनिटात स्वच्छ, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. रात्रीत ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली टिपकतं. चढावर, भारावर, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना सतत निळा धूर, तर रिंगा आणि बोअरकडे बोट जातं. लांब उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली येऊन रेस दिल्यावर मोठा झोत आला, तर जुनं शिक्षण म्हणतं व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, झिजली. मीही पूर्वी हे ठामपणे सांगायचो. आता सांगत नाही. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्येही मोठी ओढ तयार होते, आणि ऑइल रिंग अडकलेली असेल तर ऑइल खालूनही वर चढतं. त्यामुळे उतारानंतरचा झोत दोन्हींकडे बोट दाखवतो. पांढरा, न थांबणारा, गोडसर वासाचा धूर असेल तर विषय कुलंटचा आणि हेड गॅस्केटचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. (डिझेलमध्ये बहुधा थ्रॉटलची ओढ नसते, तिथे उताराची परीक्षा लागू पडत नाही. आणि टर्बो असेल तर आधी इंटरकूलरचा पाइप काढून टर्बोचं सील बघायचं.)

मग प्लग काढा, आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते क्रमाने मांडून ठेवा. चारही सारखे, करड्या-तपकिरी रंगाचे असतील तर एका सिलिंडरची गंभीर खराबी नाही. एकच काळा-ओला असेल तर रोग त्या सिलिंडरपुरता आहे. टोकावर राखेसारखे पांढुरके खडे धरले असतील तर ऑइल बऱ्याच दिवसांपासून जळतंय. प्लग निघालेच आहेत तर बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टनचा माथा पाहा. सगळीकडे काळा कार्बन आणि कडेने मात्र धुतल्यासारखी चकचकीत धातूची पट्टी दिसली, तर ऑइल रिंगांवरून वर येऊन कडा धूत आहे. व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, तेलकट थर असेल तर ते वरून गाईडमधून येतंय. मला हे दृश्य कुठल्याही धुरापेक्षा विश्वासाचं वाटतं.

कॉम्प्रेशन टेस्टबद्दल, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते गेजने मोजण्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विसंबतात. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा ठोके. तुमच्यासारख्या पेट्रोल इंजिनात साधारण १६० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडा अपेक्षित असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचाच धरा. माझ्या लेखी आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर तिथे नक्की काहीतरी आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट.

आता यातली मेख. पिस्टनला बहुतेक तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, तिसरी बोअरवरचं ऑइल खरवडून खाली उतरवते. ही तिसरी ऑइल रिंग कार्बनने खाचेत जाम झाली, किंवा तिच्या मागची ऑइल परत जाण्याची बारीक भोकं बुजली, की ऑइल वर राहतं आणि जळतं. पण दाब वरच्या दोन रिंगा धरून असल्यामुळे कॉम्प्रेशन उत्तम येतं. उलट, वर चढलेलं ऑइल स्वतःच फट भरतं, त्यामुळे आकडा जरा जास्तच चांगला दिसतो. म्हणून चांगलं कॉम्प्रेशन आलं तर बोअर आणि वरच्या रिंगा ठीक असाव्यात एवढंच म्हणता येतं. ऑइल रिंगला त्यातून निर्दोष ठरवता येत नाही. इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करायचं, आणि त्यासाठी कमी ताणाच्या ऑइल रिंगा वापरायच्या, हा बदल गेल्या काही दशकांत सगळीकडे झाला, आणि अशा रिंगा कार्बनला लवकर बळी पडतात. टोयोटाच्या २.४ लिटरच्या एका पेट्रोल इंजिनात हीच तक्रार एवढी आली की कंपनीने अमेरिकेत वाढीव वॉरंटीखाली पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. तिथे गाड्या काही फार जुन्या नव्हत्या. म्हणजे ऑइल खाणं हे म्हातारपणाचंच लक्षण असतं असंही नाही.

शक्य असेल तर कॉम्प्रेशनच्या जोडीला लीकडाउन टेस्ट करून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते गेजवर बघायचं. दहाच्या आत उत्तम, वीसपर्यंत जुन्या इंजिनाला माफ, तीसच्या वर चिंता. हवा कुठून निसटते ते कानाने ऐकायचं: ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरतो आणि क्रँकच्या बोल्टवर विसरलेला पाना हात मोडू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, झीज. तिचे साक्षीदार वेगळे आहेत. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर दाब मोजा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यासाठी निरुपयोगी, कारण बहुतेक गाड्यांत तो दाब अगदी पाच-सात पीएसआयपर्यंत कोसळल्यावरच लागतो. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हा जुना गॅरेजचा अंदाज अजून उपयोगी आहे. दाब कमी, ऑइल योग्य ग्रेडचं आणि पातळी बरोबर असेल, तर बेअरिंग किंवा पंपाकडे वळायचं. पुढच्या ऑइल बदलात जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून बघा. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा, म्हणजे बोअर, रिंगा किंवा कॅम. न चिकटणारी, सोनेरी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंग. प्रयोगशाळेत ऑइलचा नमुना देता आला तर लोखंड, अॅल्युमिनियम, शिसं, तांबं यांचे वेगवेगळे आकडे मिळतात. त्यात सिलिकॉनही वाढलेलं आलं तर एअर फिल्टरच्या बैठकीतून धूळ आत जातेय का ते आधी बघा. धूळ बोअरला पॉलिश पेपरसारखी खाते, आणि ती वाट बंद न करता बांधलेलं नवं इंजिनही लवकरच तिथेच पोचतं.

इथपर्यंतचं एकत्र करून तुमच्या गाडीकडे येतो. सकाळचा छोटा झोत व्हॉल्व्ह सीलचा असावा. पण १,२०० किलोमीटरला लिटर हे प्रमाण नुसत्या सीलसाठी मला जास्त वाटतं. पिकअप टिकून आहे, म्हणजे बोअर पार गेला असण्याची शक्यता कमी. गाडी न पाहता माझा कौल पीसीव्ही किंवा अडकलेल्या ऑइल रिंगा, सोबतीला जुने सील, असा आहे. आधी मोजा, मग पीसीव्ही आणि त्याचा पाइप नवाच टाका, परत हजार किलोमीटर मोजा. फरक पडला नाही तर प्लग, कॅमेरा, कॉम्प्रेशन, लीकडाउन हे एकाच बैठकीत करून घ्या आणि आकडे कागदावर मागा. आकडे द्यायला जो तयार नाही त्याला इंजिन उघडायला देऊ नका.

चाचण्यांतून ऑइल रिंगच निघाली, आणि लीकडाउन चांगलं असलं, तर उघडण्याआधी पिस्टन भिजवून बघण्यात अर्थ आहे. प्लगच्या भोकांतून कार्बन विरघळवणारं द्रव सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं शोषून काढायचं, प्लग न लावता सेल्फ मारून सिलिंडर रिकामे करायचे आणि मगच प्लग लावून गाडी सुरू करायची. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलायचे. सिलिंडरमध्ये द्रव राहिलं असताना प्लग लावून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, इतकी ही पायरी जपायची. काही इंजिनांत खप निम्म्यावर आलेला मी पाहिलाय, काहींत काहीच फरक पडला नाही. भोकं किती बुजली आहेत यावर ते ठरतं. त्यानंतर चांगलं सिंथेटिक ऑइल घालून बदलण्याचं अंतर कमी ठेवा. ऑइलचा काही भाग उष्णतेने उडूनही जातो. त्यासाठी २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवून वजनातली घट मोजण्याची नोआक चाचणी असते, आणि ज्याचा हा आकडा कमी ते ऑइल अशा इंजिनाला बरं.

जाड ऑइलचं काय, हे तुम्ही विचारणारच. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेडना परवानगी आहे त्यांतला जाड ग्रेड निवडा, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. त्याच्या पलीकडे नको. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या बारीक वाटांवर चालतात, आणि थंडीत सुरू करताना जाड ऑइल वर पोचायला लागणारे ते काही सेकंदच सगळ्यात जास्त झीज करतात.

फक्त सील खराब निघाले तर हेड न काढताही बदलता येतात; सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. आणि सगळे पुरावे बोअरकडेच गेले, तर उघडा, पण उघडल्यावर बोअर गेजने मोजल्याशिवाय रिंगा मागवू देऊ नका. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून उलट फिरते तिथे ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो, म्हणून तिथे सगळ्यात जास्त झिजतो, आणि वर-खालच्या मापात फरक पडतो. तो फरक मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल, अनेक इंजिनांत ही मर्यादा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, तर नव्या रिंगा त्या बोअरमध्ये बसणारच नाहीत. तिथे रिबोअरच, म्हणजे बोअर कापून मोठा करणंच, लागतं.

निर्णय होईपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर खप मर्यादेत धरतात, म्हणजे तुमचं इंजिन उद्या बंद पडेल असं नाही. पण ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हे असंच चालू ठेवणंही बरं नाही. दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक बघा, पातळी दोन खुणांच्या मध्याखाली जाऊ देऊ नका, आणि त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत ठेवा. लाल दिवा लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद करा, पुढच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नेऊ नका.